आधी चौकशी, मग फाटक

सोलापूर जिल्ह्याला कर्नाटकातील विजयपूर आणि कलबुर्गी हे जिल्हे लागून आहेत आणि पुणे-हैदराबाद व सोलापूर-विजयपूर हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग सोलापूर शहराशी येऊन मिळतात. त्यामुळे सीमा ओलांडणे ही येथील वाहतूकदारांची रोजचीच बाब आहे. सीमेवरील नाकेही या भागाला नवे नाहीत. १९४८ पर्यंत तुळजापूर आणि नळदुर्ग ही गावे निजामाच्या राज्यात मोडत असल्याने, सोलापूरहून तिकडे निघालेल्या मालाला करोडगिरी, म्हणजे हैदराबाद संस्थानाची आयात-निर्यात जकात, भरावी लागे. पुढे संस्थान गेले, महापालिकेची जकात आली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्याराज्यांमधील विक्रीकराची तपासणीही संपली. तरीही विजयपूर रस्त्यावर नांदणी येथे परिवहन खात्याचा सीमा तपासणी नाका उभा राहिलाच, कारण मालावरील कर वसूल करणे हे नाक्याचे एकच काम कधीच नव्हते. ट्रकचे वजन मर्यादेत आहे का, परमिट कोणत्या राज्यांचे आहे, वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र चालू आहे का, या प्रश्नांची उत्तरे कोणीतरी कोठेतरी तपासणे आवश्यक असते.

ही तपासणी वाहन फाटकाशी आल्यावरच करावी, की त्याच्या कितीतरी आधी उरकून ठेवावी, या एका प्रश्नाभोवती जलद सीमा-प्रवेशाचे सगळे आधुनिक तंत्र फिरते. जगात या तंत्राचा एक जुना आणि मोठा प्रयोग अमेरिकेच्या जमिनीवरील सीमांवर झालेला आहे. मेक्सिकोच्या सीमेवर सॅन डिएगोजवळील ओटाय मेसा येथे १९९५ मध्ये ‘सेंट्री’ ही योजना सुरू झाली आणि कॅनडाच्या सीमेवर २००२ पासून ‘नेक्सस’ ही दोन्ही देशांची संयुक्त योजना रूढ झाली. यांना ‘विश्वासू प्रवासी’ योजना म्हणतात. अर्जदाराची गुन्हेगारी, सीमाशुल्क व स्थलांतरविषयक नोंदींवरून छाननी होते, अधिकारी त्याची समक्ष मुलाखत घेतात, बोटांचे ठसे घेतले जातात, आणि हे सर्व पार पडल्यावर त्याला पाच वर्षे चालणारे कार्ड मिळते. टोरंटो आणि डेट्रॉइट या दोन्ही परिसरांत मराठी मंडळे आहेत. त्यांच्या सभासदांपैकी जे अमेरिकेचे किंवा कॅनडाचे नागरिक अथवा कायम रहिवासी आहेत, त्यांना विंडसरच्या अम्बॅसडर पुलावरून किंवा बफेलोच्या पीस ब्रिजवरून पलीकडे जाताना या कार्डाच्या बळावर स्वतंत्र मार्गिका वापरता येते.

या स्वतंत्र मार्गिकेत वेळ नेमका कोठे वाचतो, हे समजण्यासाठी रांगेचे शास्त्र पाहावे लागते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारा डॅनिश गणितज्ञ ए. के. एर्लांग याने १९०९ मध्ये एक्स्चेंजवर येणाऱ्या कॉलचे गणित मांडले आणि त्यातून पुढे रांगांचा सिद्धांत विकसित झाला. त्याचा सर्वांत उपयुक्त, आणि सहजबुद्धीला सर्वांत न पटणारा, निष्कर्ष असा की खिडकीवरील कामाचा वेळ आणि रांगेत थांबण्याचा वेळ एकाच प्रमाणात कमी-जास्त होत नाहीत. एका मार्गिकेत तासाला सरासरी २४० वाहने, म्हणजे दर १५ सेकंदांना एक, अशी अनियमित अंतराने येतात आणि प्रत्येकाच्या तपासणीला सरासरी १४.५ सेकंद लागतात, असे धरल्यास, सर्वांत साध्या गणिती प्रतिमानानुसार प्रत्येक वाहन नाक्यावर सरासरी सव्वासात मिनिटे अडकते. तपासणीचा वेळ फक्त अडीच सेकंदांनी कमी करून १२ सेकंदांवर आणला, तर हाच काळ एका मिनिटावर येतो. चार सेकंदांत काम झाले तर रांग जवळजवळ उरतच नाही. उलट तपासणीला १६ सेकंद लागू लागले, तर येणारी वाहने जाणाऱ्यांपेक्षा जास्त होतात आणि गर्दीची वेळ सरेपर्यंत रांग वाढतच राहते. नाका आपल्या क्षमतेच्या काठावर चालत असेल, तर दोन-तीन सेकंदांचे मोल एवढे मोठे असते.

या गणिताचा उलटा प्रत्यय सोलापूरकरांना करोनाच्या काळात आला. टाकळीजवळ भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटकातील धूळखेड लागते. एरवी ज्या ठिकाणी मोटारीला थांबण्याचे कारण नसे, तेथे महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रवाशांकडे ७२ तासांच्या आतील आरटीपीसीआर चाचणीचा अहवाल मागितला जाऊ लागला. प्रत्येक वाहनातील प्रत्येक माणसाचा कागद किंवा मोबाइलवरील अहवाल पाहायचा, त्यावरील तारीख व नाव ओळखपत्राशी ताडायचे, अहवाल नसेल त्याला परत पाठवायचे, आणि परत फिरणाऱ्या वाहनाला त्याच रस्त्यावर वळायला जागा करून द्यायची, असे काम तेथे उभे राहिले. चौकशी जेव्हा फाटकाशी सरकते तेव्हा रस्त्याचे काय होते, ते अशा वेळी उघड दिसते.

सरासरी वेळेइतकाच महत्त्वाचा घटक म्हणजे वेळेतील चढ-उतार. दहा वाहनांना चार-चार सेकंद आणि अकराव्याला पाच मिनिटे लागली, तर पाठीमागची सगळी रांग त्या अकराव्याची शिक्षा भोगते. नेक्ससच्या मार्गिकेत मोटारीतील प्रत्येक व्यक्तीकडे, अगदी तान्ह्या मुलाकडेही, स्वतःचे कार्ड असावेच लागते हा नियम वरवर जाचक वाटतो, परंतु त्याचे कारण हेच आहे. ट्रकचालकांसाठी असलेल्या ‘फास्ट’ या योजनेत तर चालक, वाहतूक कंपनी आणि आयातदार हे तिघेही आधी पारखलेले असावे लागतात. साखळीतील एक कडी जरी अनोळखी असली तरी तो ट्रक साध्या रांगेत जातो. भारतातही सीमाशुल्क खात्याची ‘अधिकृत आर्थिक प्रचालक’ ही योजना २०११ पासून याच तत्त्वावर चालते. सोलापुरातून टेरी टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या कारखानदाराने आपले हिशेब, करभरणा व गोदामाची सुरक्षा यांची छाननी करून घेऊन हा दर्जा मिळवला, तर बंदरावर त्याच्या मालाची प्रत्यक्ष तपासणी कमी होते.

आता प्रत्यक्ष कार्डाकडे वळता येईल. नेक्सस किंवा सेंट्री कार्डातील चिप आणि सोलापूर-पुणे रस्त्यावर सावळेश्वरच्या टोलनाक्यावर वाचला जाणारा फास्टॅग, या दोन्ही गोष्टी एकाच तांत्रिक कुळातील आहेत. दोहोंतही ‘निष्क्रिय रेडिओ-लहरी ओळख’ हे तंत्र वापरलेले असते. निष्क्रिय अशासाठी की टॅगमध्ये बॅटरी नसते. मार्गिकेच्या वर बसवलेला रीडर रेडिओ-लहरी सोडतो, टॅगमधील धातूची पातळ अँटेना त्या लहरींतून ऊर्जा मिळवते, तेवढ्या ऊर्जेवर तीळभर चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. हे सांगण्यासाठी ती स्वतःची लहर निर्माण करत नाही. आलेली लहर कमी-जास्त प्रमाणात परावर्तित करून त्या बदलांत ती शून्य आणि एक यांची मालिका भरते, आणि रीडर तो क्षीण प्रतिध्वनी वाचतो. भारतात यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरला जातो; या लहरींची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. रीडरकडून निघालेली काही वॉटची शक्ती सहा मीटरवर पोहोचेपर्यंत इतकी विखुरते की टॅगच्या वाट्याला वॉटच्या दहा-हजाराव्या भागाच्या घरातील ऊर्जा येते, आणि अंतर दुप्पट झाले की तीही चौथाईवर उतरते. आधुनिक चिपला यापेक्षाही कमी ऊर्जा पुरते, म्हणूनच हा व्यवहार शक्य होतो.

या लहरींना पाणी आणि धातू मानवत नाहीत. पाणी त्यांना शोषून घेते आणि धातू त्यांना परतवतो. फास्टॅग समोरच्या काचेवर आतून, आरशाच्या मागे चिकटवावा असे सांगितले जाते ते यासाठीच. काही वाहनचालक टॅग काचेला न लावता नाक्यावर हातात धरून दाखवतात, परंतु माणसाचा हात हा बव्हंशी पाण्याचाच असल्याने आणि धरण्याचा कोन दर वेळी बदलत असल्याने टॅग कधी वाचला जातो, कधी नाही. शिवाय असा सुटा टॅग दुसऱ्याच वाहनासाठी वापरला जाण्याचा धोका असतो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये असे हातातले फास्टॅग काळ्या यादीत टाकण्याचे धोरण जाहीर केले, ते गैरसोय वाटली तरी योग्यच म्हणावे लागेल.

फास्टॅगमध्ये पैसे नसतात. त्यात टॅगचा क्रमांक आणि वाहनाचा नोंदणी क्रमांक व वर्ग यांसारखी मोजकी माहिती असते. खाते बँकेकडे असते आणि कोणता टॅग कोणत्या बँकेचा, याची मध्यवर्ती नोंद राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या यंत्रणेत असते. वाहन मार्गिकेत शिरताच टॅग चालू आहे की काळ्या यादीत आहे, एवढेच पाहून फाटक उघडते आणि पैशांचा बँकाबँकांमधील हिशेब सावकाश मागाहून होतो. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि रोखीच्या रांगा आटल्या, त्यामागे सुट्या पैशांची देवघेव थांबणे हे एक कारण असले तरी खरे कारण हे कामाचे विभाजन आहे. टॅग असूनही खात्यात शिल्लक नसलेले एक वाहन फाटकाशी अडले की त्या मार्गिकेचा वेग पुन्हा रोखीच्या दिवसांवर येतो. फलकावर नुसते ‘कॅशलेस’ लिहिल्याने रांग हलत नाही.

अमेरिकी कार्डाचेही असेच आहे. सीमाखात्याच्या म्हणण्यानुसार त्यातील चिपमध्ये नाव, जन्मतारीख किंवा छायाचित्र यांपैकी काहीही नसते. असतो तो केवळ एक क्रमांक. मोटार खिडकीशी पोहोचण्याआधीच तो क्रमांक वाचला जातो, त्यावरून सुरक्षित संगणकातील नोंद शोधली जाते, आणि मोटार थांबते तेव्हा अधिकाऱ्याच्या पडद्यावर मोटारीतील सर्वांची छायाचित्रे तयार असतात. त्याला चेहरे ताडून पाहायचे असतात आणि एखाद-दुसरा प्रश्न विचारायचा असतो. अंतिम निर्णय माणसाकडेच राहतो, हे येथे विसरता कामा नये; कार्ड दाखवणाऱ्याचीही मोटार केव्हाही बाजूला घेऊन तपासता येते.

दुरून वाचता येणे हा या चिपचा गुण आहे आणि तोच तिचा दोषही आहे. भारताने २०२४ पासून टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केलेल्या ई-पासपोर्टमधील चिप १३.५६ मेगाहर्ट्झवर, चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने, अवघ्या काही सेंटिमीटरवरून वाचली जाते, आणि त्याआधी पासपोर्टच्या पानावर छापलेल्या ओळींतून चावी घेतल्याशिवाय ती उघडत नाही. तेथे पासपोर्ट उघडून यंत्रावर ठेवावा लागत असल्याने चोरून वाचणे अवघड आहे, पण धावत्या मोटारींच्या मार्गिकेत ती पद्धत फारशी उपयोगाची नाही. उलट सीमेवरील कार्ड कित्येक मीटरवरून, कोणतीही चावी न मागता, आपला क्रमांक सांगून टाकते. याच जातीच्या चिप असलेल्या अमेरिकी पासपोर्ट कार्डांचा अभ्यास करून वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की अशा चिपमधील क्रमांकाची नक्कल बाजारात मिळणाऱ्या साध्या टॅगवर करता येते. नक्कल केलेल्या क्रमांकाने पडद्यावर मूळ धारकाचेच छायाचित्र येत असल्यामुळे तोतयाला सीमा ओलांडणे तरीही कठीणच असते. मात्र एकच क्रमांक जागोजागी वाचून एखाद्याच्या हालचालींचा माग काढणे शक्य होते. कार्डासोबत लहरी अडवणारे पाकीट दिले जाते ते याच कारणाने, आणि किती लोक कार्ड त्या पाकिटात परत ठेवतात, हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या कक्षेबाहेरचा आहे.

भारताने आपली ‘जलद स्थलांतर तपासणी – विश्वासू प्रवासी कार्यक्रम’ ही योजना २२ जून २०२४ रोजी दिल्लीच्या विमानतळावर सुरू केली आणि १६ जानेवारी २०२५ रोजी मुंबई, हैदराबाद व बंगळूरुसह आणखी सात विमानतळांवर तिचा विस्तार केला. सोलापूरकरांना परदेशी जाण्यासाठी मुंबई किंवा हैदराबाद हीच विमानतळे सोयीची असल्याने त्यांना या विस्ताराचा उपयोग आहे. भारतीय नागरिक आणि परदेशस्थ भारतीय नागरिकत्व कार्ड असलेले लोक तिच्यात नाव नोंदवू शकतात. ऑनलाइन अर्ज, पडताळणी आणि बोटांचे ठसे व चेहरा यांची नोंद झाली की पासपोर्ट व चेहरा वाचणारे ई-फाटक त्यांच्यासाठी उघडते. येथे वेगळे कार्ड देण्याची गरजच ठेवलेली नाही. विमानतळावर माणूस पायी, एकटा आणि स्थिर उभा असतो, त्यामुळे त्याचा चेहराच कार्डाचे काम करतो; मोटारीत मागच्या आसनावर झोपलेल्या मुलांच्या बाबतीत ते तितके सोपे नसते.

राज्यांच्या सीमेवर मात्र विश्वास माणसावर नव्हे, वाहनावर आणि मालावर ठेवला जातो. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी २०१८ पासून ई-वे बिल आधीच काढावे लागते आणि पुढे या प्रणालीला फास्टॅगच्या नोंदींची जोड मिळाल्याने कोणता ट्रक कोणत्या नाक्यावरून केव्हा गेला, हे ट्रक न थांबवता कळू लागले. पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूरला यात्रेकरू घेऊन येणाऱ्या परराज्यांतील पर्यटक बसगाड्यांना पूर्वी प्रत्येक राज्यात वेगळा कर भरावा लागे. २०२१ च्या अखिल भारतीय पर्यटक परवाना नियमांनी हे पैसे एकदाच, ऑनलाइन भरण्याची सोय केली. वजन मात्र असे आधीच तपासून ठेवता येत नाही, कारण वजनकाट्यावरून गेल्यानंतरही ट्रकमध्ये वाळू किंवा ऊस चढवता येतो. म्हणून रस्त्यातच संवेदक बसवून धावत्या ट्रकचे वजन करणारे काटे टोलनाक्यांवर बसवले जात आहेत.

एकदा दिलेला विश्वास काढून घेण्याची तरतूद मात्र विश्वासू प्रवासी योजनांत कडक आहे. शिल्लक संपल्याने फास्टॅग काळ्या यादीत गेला तर तो पैसे भरून परत चालू होतो. विश्वासू प्रवाशाचे तसे नाही. अमेरिकेत शिरताना सामानातील फळे, भाज्या किंवा मांसाचे पदार्थ जाहीर न करणे हे सभासदत्व रद्द होण्याचे एक नेहमीचे कारण आहे. त्यामुळे सोलापूरच्या माहेराहून परतताना पिशवीत राहिलेले आणि जाहीर न केलेले एक डाळिंब, दंड आकारून किंवा न आकारून, पाच वर्षांचे कार्ड घालवू शकते, आणि त्यानंतर खात्याकडे फेरविचाराचा अर्ज करून उत्तर येईपर्यंत त्या कार्डधारकाला पुलावरच्या सर्वसाधारण मार्गिकेतच उभे राहावे लागते.