आधी हिशेब, मग पाणीपट्टी

पाणीपट्टीचे नाव काढताच सरकार व जनता यांच्यात तेढ का पडते, हे आयर्लंडच्या उदाहरणावरून समजून घेण्यासारखे आहे. त्या देशाने १९९७ साली घरगुती पाणीपट्टी रद्द केली होती. पुढे आर्थिक अरिष्ट ओढवल्यावर सरकारने २०१३ मध्ये 'आयरिश वॉटर' ही कंपनी स्थापली, दारोदारी मीटर बसविले आणि २०१५ पासून आकारणी आरंभली. परंतु जुनाट नळांतून जवळजवळ निम्मे पाणी वाटेतच गळत होते. त्याचा जाब जनतेने आधी विचारला, यात नवल ते काय? हजारो लोक रस्त्यावर उतरले. २०१६ मध्ये आकारणी स्थगित झाली आणि पुढल्याच वर्षी भरलेले पैसे परत करण्याची नामुष्की सरकारवर आली.

गोव्यात वारे उलट वाहिले. २०२१ साली दरमहा १६ हजार लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची घोषणा झाली. पण ज्याच्या नळातून वैशाखात नुसती हवा येते, त्याला ही माफी काय कामाची? टँकरवाल्याला तो रोख पैसे मोजतोच.

पाणी फुकट मिळावे, असे आमचे म्हणणे नाही. ओपा वा साळावलीचे पाणी शुद्ध करून घरोघरी पोचवावयास खर्च येतो आणि तो कोणाला तरी सोसावाच लागतो. मीटरप्रमाणे पट्टी व गरिबास निर्वाहापुरती सूट, हेच न्याय्य होय. मात्र क्रम चुकता कामा नये. प्रथम गळती थांबवावी, जमाखर्च लोकांपुढे मांडावा, मगच हात पुढे करावा. परकी सत्ता हिशेब देत नसे. स्वकीयांच्या राज्यात तो मागण्याची वेळ येऊ नये.