तारीख पाळणारा उबुंटू, तारीख न देणारा डेबियन

उबुंटू २२.०४ वर प्रोग्राम बसवून देणाऱ्या 'ॲप्ट'ला फायरफॉक्स आणायला सांगितलं, की ब्राउझर येतो खरा, पण 'स्नॅप'च्या रूपात. म्हणजे आपल्याला लागणारं बरंचसं सामान सोबत घेऊन, कॅनॉनिकल या कंपनीच्या स्टोअरमधून. डेबियनवर तोच ॲप्ट फायरफॉक्सची सावकाश बदलणारी ईएसआर आवृत्ती आणतो, तीही डेबियनच्याच भांडारातलं साधं 'डेब' पॅकेज म्हणून. दोन्ही संगणक-प्रणालींत गाभ्याचा कर्नल लिनक्सचा, ॲप्ट तोच, बराचसा कोडही तोच. कोणी ठरवायचं आणि केव्हा, एवढ्यापुरतंच दोघांचं बिनसतं.

डेबियन थोरला. ऑगस्ट १९९३ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मरडॉकनं त्याची घोषणा केली. त्याला मालक नाही. जगभरचे स्वयंसेवक दरवर्षी मतदानानं प्रमुख निवडतात आणि मोठे वादही मतदानानंच मिटवतात. वायफाय कार्डांना लागणारं बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यावं की नाही, हा प्रश्न वर्षानुवर्षं भिजत पडला होता. अखेर २०२२ मध्ये होकार मिळाला आणि पुढच्या वर्षीच्या डेबियन १२ मध्ये ते आलं. तोवर मुक्त सॉफ्टवेअरचं तत्त्व जपलं जात होतं, पण नवा लॅपटॉप घेऊन बसलेल्याचं इंटरनेट अडलेलं असायचं.

नवी आवृत्ती कधी? तयार होईल तेव्हा! जुलै २००२ च्या 'वुडी'नंतर 'सार्ज' यायला जवळजवळ तीन वर्षं लागली. (नावं 'टॉय स्टोरी' चित्रपटातली. कायम अस्थिर असलेल्या शाखेला खेळणी मोडणाऱ्या सिडचं नाव देणाऱ्यांना विनोदाचं वावडं नसावं.)

सार्जची वाट पाहणं चालू असतानाच, ऑक्टोबर २००४ मध्ये, उबुंटू अवतरला. त्यामागचा मार्क शटलवर्थ हा दक्षिण आफ्रिकी उद्योजक नव्वदच्या दशकात स्वतः डेबियनसाठी राबलेला. आपली थॉट ही कंपनी विकून तो २००२ मध्ये अंतराळातही जाऊन आला होता. त्याच्या कॅनॉनिकलनं डेबियनच्या अस्थिर शाखेतली पॅकेजं घ्यायची, ती घासूनपुसून दर एप्रिल-ऑक्टोबरात नवी आवृत्ती द्यायची, असा वायदा केला. आवृत्तीचा आकडाच वर्ष आणि महिना सांगतो. वायदा चुकला तो २००६ मध्ये, ६.०४ ची ६.०६ झाली तेव्हा. दर दोन वर्षांनी येणाऱ्या एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. सुरुवातीची काही वर्षं तर कंपनी सीडी टपालानं फुकट घरपोच पाठवत असे.

मात्र निर्णय कंपनीचा म्हटला की तिची लहरही सोसावी लागते. २०११ मध्ये उबुंटूच्या डेस्कटॉपवर 'युनिटी' ही नवी मांडणी आली, २०१७ मध्ये ती गुंडाळल्याचं जाहीर झालं. २०१२ च्या आवृत्तीत संगणकावर फाइल शोधताना ॲमेझॉनवरच्या वस्तू दिसू लागल्या आणि वापरणारे भडकले. असला प्रस्ताव डेबियनच्या मतदानात टिकला असता, असं वाटत नाही.

भारतात दोघांचाही वंश वाढला आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणाली डेबियनवर, तर संरक्षण मंत्रालयाची 'माया' उबुंटूवर उभी आहे. लिनक्स मिंटनं तर दोन्हींकडे पाय ठेवलाय. मुख्य मिंट उबुंटूवर बेतलेला, पण २०२० पासून त्यात स्नॅपला आपसूक शिरकाव नाही. शिवाय उबुंटू उद्या नाहीसा झालाच तर अडू नये, म्हणून थेट डेबियनवर बांधलेली एक वेगळी आवृत्तीही त्यांनी सांभाळून ठेवली आहे.