अत्यार्तवावरील उपचारांची निवड आणि संगणकीय निर्णयवृक्ष

मासिक पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव ही स्त्रियांची नित्य आढळणारी तक्रार होय. पूर्वी एका पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक रक्त गेल्यास त्यास अत्यार्तव म्हणत. आता स्त्रीच्या दैनंदिन जीवनावर होणारा परिणाम हा मुख्य निकष मानला जातो. कर्करोगासारखी गंभीर कारणे वगळल्यानंतर ट्रानेक्झॅमिक आम्लासारखी औषधे, लेव्होनॉरजेस्ट्रेल स्रवणारे गर्भाशयांतर्गत साधन, गर्भाशयाच्या अंतःस्तराचे निर्मूलन आणि गर्भाशयोच्छेदन असे अनेक मार्ग उरतात. शेवटच्या मार्गाने पाळी निश्चितपणे थांबते. परंतु गर्भधारणेची शक्यताही कायमची संपते. तेव्हा यांतील श्रेयस्कर कोणता, हे केवळ वैद्यकीय ज्ञानावरून ठरविता येत नाही.

येथेच निर्णयवृक्षाचे प्रयोजन आहे. प्रत्येक उपचाराच्या यशापयशाची संभाव्यता संशोधनावरून घ्यावयाची. परिणामांचे मूल्य मात्र रुग्ण स्त्रीने स्वतः ० ते १ या श्रेणीत सांगावयाचे. दोहोंच्या गुणाकारांची बेरीज संगणक करतो. केवळ उदाहरणादाखल समजा, एका साधनाच्या यशाची संभाव्यता ०.८ आहे आणि स्त्रीने यशास ०.९ व अपयशास ०.४ मूल्य दिले. अपेक्षित मूल्य ०.७२ + ०.०८, म्हणजे ०.८० होईल. शस्त्रक्रियेने पाळी निश्चित थांबेल असे धरले, तरी गर्भाशय गमावणे जिला जड वाटते ती तिला ०.७५ देईल व साधन निवडील. जी ०.९५ देईल, तिला शस्त्रक्रियाच इष्ट ठरेल. संभाव्यता त्याच, निष्कर्ष मात्र भिन्न.

नैऋत्य इंग्लंडमधील सहा रुग्णालयांतील ८९४ स्त्रियांवर झालेली चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत संगणक नव्हता. तथापि तिचा निष्कर्ष येथे मूलगामी आहे. केवळ माहिती दिलेल्या गटात गर्भाशयोच्छेदनाचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या गटाइतकेच, ४८ टक्के, राहिले. माहितीसोबत मुलाखतीद्वारे स्त्रीची स्वतःची पसंती स्पष्ट करून घेतली, तेथे ते ३८ टक्के झाले. पुढे उत्तर इंग्लंडमधील १४९ स्त्रियांच्या चाचणीत (२००७) संगणकीय निर्णयवृक्षाची जोड मिळालेल्यांची द्विधा मनःस्थिती, केवळ छापील माहिती मिळालेल्यांपेक्षा कमी आढळली.

अर्थात वृक्षाचे उत्तर त्यात घातलेल्या आकड्यांहून अधिक विश्वसनीय असू शकत नाही. शिवाय मूल्य सांगण्यास स्त्री खरोखर मोकळी असावी लागते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांवरील गर्भाशयोच्छेदनांच्या चौकशीसाठी २०१९ साली राज्य शासनास समिती नेमावी लागली. पाळीमुळे मजुरी बुडण्याचे भय जिच्या मनात आहे, तिने दिलेल्या मूल्यात ते भयही मोजले जाते. ते दूर करणे हे गणिताचे काम नव्हे. परंतु ते दृष्टीस आणून देणे, एवढे गणित निश्चित करू शकते.