लिनक्ससाठी लॅपटॉप घेताना

विंडोज १० चा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. तेव्हापासून अमरावती-अकोल्यातील व्यापारी बांधव नवा लॅपटॉप घेताना फुकटच्या लिनक्सविषयी आम्हाला विचारू लागले आहेत.

आमचे सांगणे एवढेच : उबुंटू घातलेला पेनड्राइव्ह सोबत न्यावा आणि पैसे मोजण्यापूर्वी दुकानातच त्यावरून लॅपटॉप सुरू करून पाहावा. आतल्या डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर पडदा परत उजळतो का? वाय-फायची चिप इंटेलची असल्यास सहसा अडत नाही. ब्रॉडकॉमची असल्यास बरेचदा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. दुकानदार नाही म्हणाला, तर सरळ दुसरे दुकान गाठावे.

मराठी आणि उर्दू दोन्ही टाइप करता येतात. मात्र टॅलीचा प्रोग्राम विंडोजसाठीच बनतो. ज्यांची खतावणी त्यावर आहे, त्यांनी विंडोज पुसण्याआधी मुनीमजींना विचारावे.