पहिली क्रूझ आणि बोट लागणे

माहीमच्या किनाऱ्यावर रोज लाटा पाहणाऱ्यालाही क्रूझवर बोट लागू शकते. 2018 मध्ये 'आंग्रिया' ही क्रूझ बोट मुंबईहून गोव्याला निघाली आणि क्रूझ आपल्या दाराशी आली. म्हणून बोट का लागते हे समजून घ्यायला हवे.

अंतर्कर्णातल्या इवल्या नलिकांमधला द्रव जहाजाचे हेलकावे टिपतो, डोळ्यांना मात्र केबिनच्या भिंती स्थिर दिसतात. मेंदूला उलटसुलट निरोप मिळतात आणि मळमळू लागते.

केबिन जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर घ्या. तिथे हेलकावे कमी जाणवतात. अस्वस्थ वाटताच मोबाइल ठेवा, डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा. उपाशी राहू नका, तेलकट टाळा. डॉक्टरांना विचारून गोळी जहाज सुटण्याआधीच घ्या. पहिली सफर थंडीतच करा, तेव्हा आपला समुद्र बहुधा शांत असतो.