गाळाची बखर – ९ : गवत की गहू?

आज लोणारला जायचं ठरलं होतं. पण मागच्या भागातला परागांचा आलेख पाहून परभणीकडच्या एका शेतकरी वाचकाने विचारलंय, ‘तुम्ही सगळी गवतं एकाच रेघेत टाकलीत. मग गाळात गव्हाचा पराग असला, तर तो वेगळा कसा काढता?’ हा माझा जुना आवडीचा विषय. लोणार पुढच्या आठवड्यात.

गहू, जव, ज्वारी ही सगळी गवतंच. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे परागकण रानातल्या कुसळीसारखेच दिसतात : गोल, गुळगुळीत, एकच छिद्र आणि छिद्राभोवती जाडसर कडं. फरक करायचा तो मुख्यतः आकारमानावरून. रानगवतांचे कण बहुतेक ४० मायक्रॉनच्या आत, गहू-जवाचे त्याहून मोठे. त्या आकड्याच्या वर गेला की कणाला ‘धान्यसदृश’ म्हणायचं. मात्र काही रानगवतांचे कणही ४० ओलांडतात. शिवाय कण ग्लिसरीन जेलीत बसवला तर फुगतो, सिलिकॉन तेलात फुगत नाही. एकाच थरातला कण एका प्रयोगशाळेत गवत ठरेल आणि दुसरीत धान्य. म्हणून परागांचा शोधनिबंध हातात आला की मी आधी कण कशात बसवले होते ते बघतो.

आता राजस्थानातली गोष्ट. सांभर, डिडवाना, लुणकरणसर या खाऱ्या तळ्यांच्या गाळावर गुरदीप सिंग यांनी केलेलं काम १९७०च्या दशकात प्रसिद्ध झालं. सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या थरांत त्यांना धान्यसदृश पराग मिळाले, आणि सोबत कोळशाचे बारीक कण. माणसाने झुडपं जाळून काही पेरलं असावं, असा त्यांचा निष्कर्ष. वायव्य भारतातल्या शेतीचा इतका जुना पुरावा म्हटल्यावर त्यावर वाद झाला, आणि तो होणं योग्यच होतं.

आणि इथेच शेतकऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट कामाला येते. गहू आणि जव स्वपरागित. त्यांचा बराचसा पराग तुसातच अडकून राहतो, वाऱ्यावर फारसा जात नाही. तो मोकळा होतो खळ्यावर, मळताना आणि उफणताना. म्हणजे तळ्यात गव्हाचा पराग खरोखरच पडला असेल, तर शेत किंवा खळं काठाजवळच असायला हवं. युरोपातल्या तळ्यांत राय हे धान्य ठळक दिसतं, कारण ते परपरागित आहे आणि त्याचा पराग वाऱ्यावर दूर जातो. म्हणून गव्हाचे दोन-चार कण मिळाले तरी मी त्यांना हलकं मानत नाही, पण आधी ते गव्हाचेच आहेत हे ठरायला हवं.

सिंग यांच्या मोजणीवर माझा विश्वास आहे, निष्कर्षावर नाही. कोळसा वणव्याचा असू शकतो, शिकाऱ्यांनी लावलेल्या आगीचाही. मोठे कण रानगवतांचे असू शकतात. तिथे शेती होती असं म्हणायला त्याच काळातला जळका दाणा किंवा तुसाचा ठसा हवा, आणि तो तळ्याच्या तळाशी नव्हे, काठावरच्या वस्तीत शोधावा लागतो. बलुचिस्तानात मेहरगढला जवाचे ठसे मिळाले ते घरांच्या कच्च्या विटांत.