रेवसच्या धक्क्यावर ‘रामदास’चे स्मरण

पनवेल तालुक्यातील शिरढोण हे गाव आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. मुंबई-गोवा महामार्गावरील या गावातून पेण, वडखळ, पोयनाड करीत अलिबाग तालुक्यात शिरले की पुढे धरमतर खाडीच्या मुखाशी रेवस बंदर लागते. सहलीला निघालेले बहुतेक जण मांडवा-किहीमकडे वळतात. परंतु एकदा तरी वाट थोडी वाकडी करून रेवसच्या धक्क्यावर जाऊन यावे, असे आम्हांस वाटते.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्याभराच्या आत येऊन ठेपले होते. त्या गुरुवारी आषाढी अमावास्या, म्हणजे कोकणी माणसाची गटारी. सणासाठी घराकडे निघालेल्या चाकरमान्यांनी भरलेली ‘रामदास’ ही आगबोट सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. अवघ्या अर्ध्या तासात काशाच्या खडकाजवळ ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे त्या दिवशी समुद्राने गिळली.

हे घडले कसे? बोट जुनी नव्हती. तिची बांधणी १९३६ सालची. पण समुद्र खवळलेला होता आणि गर्दी मोठी होती. प्रचंड लाट एका बाजूवर आदळताच भेदरलेले प्रवासी दुसऱ्या बाजूकडे धावले. सारा भार एकीकडे गेला आणि कलंडलेली बोट पुन्हा सावरली नाही. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. त्यामुळे एवढा अनर्थ घडूनही मुंबईला कित्येक तास पत्ता नव्हता. तरंगत्या कड्याच्या आधाराने गेटवे ऑफ इंडियापर्यंत वाहत आलेल्या एका लहान मुलाने पहिली बातमी दिली, असे सांगतात. वीस वर्षांपूर्वी, १९२७ साली, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या आगबोटी कोकण किनाऱ्यावर एकाच दिवशी बुडाल्या होत्या. त्यापासून घ्यायचा धडा अपुराच राहिला होता.

या अंधारात एक उजेडही आहे. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवस परिसरातील कोळी बांधवांनी बुडणारी माणसे पाहिली, होड्यांतील मासळी समुद्रात टाकून दिली आणि जेवढे जीव मावतील तेवढे होड्यांत ओढून घेतले. ती मासळी म्हणजे त्यांच्या घरची चूल होती. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात संत पौलाच्या जहाजाची कथा आपण वाचतो. त्या जहाजावरील २७६ जण सुखरूप किनाऱ्यास लागले आणि माल्टा बेटावरील अपरिचित रहिवाशांनी पावसात, थंडीत शेकोटी पेटवून त्यांचे स्वागत केले. ‘रामदास’च्या बहुसंख्य प्रवाशांना किनारा दिसला नाही, पण जे वाचले, त्यांना माल्टाची ती माणसे कोळ्यांच्या रूपाने भेटली.

रेवसला गेल्यावर बुडालेली बोट दिसणार नाही. काशाचा खडक भर समुद्रात आहे. दिसेल ते केवळ पाणी आणि त्यावरून ये-जा करणाऱ्या लाँची. पण त्या लाँचीत बसणाऱ्यांसाठी हा इतिहास जुना झालेला नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते.

म्हणून वाचकांना आमची नम्र विनंती आहे. धक्क्यावर क्षणभर शांत उभे राहावे आणि ज्यांची प्रेतेही घरी पोहोचली नाहीत, अशा मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करावी. परतताना लाँचीत बसाल, तर जाकीट मागून घ्यावे, मुलांना आधी घालावे आणि बोट खचाखच भरली असेल, तर पुढच्या बोटीची वाट पाहावी. ‘रामदास’च्या प्रवाशांचे याहून खरे स्मरण आम्हांस तरी सुचत नाही.